एक्झोम रिपोर्ट वाचताना मी जिथे तोंडावर आपटलो

पीडियाट्रिक्स करून जेनेटिक्सकडे वळताय त्यांच्यासाठी लिहितोय. एक्झोम म्हणजे जीन्सच्या प्रोटीन बनवणाऱ्या भागांची तपासणी, जांभळ्या झाकणाची ट्यूब, रिपोर्टला लागणारे आठवडे, हे तुम्हाला माहीत असणारच. मला जे कुणी सांगितलं नाही ते सांगतो, म्हणजे सांगितलं असेल, मीच ऐकलं नाही.

व्हीयूएस.

म्हणजे व्हेरिएंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स, जीनमधला असा बदल जो आजाराचं कारण आहे की नाही हे ठरवता येत नाही. पहिल्याच वर्षी एक दीड वर्षाचं बाळ आलं. तिसऱ्या आठवड्यापासून फिट्स, मान धरत नव्हतं, एमआरआय नॉर्मल. घरच्यांनी इकडून तिकडून पैसे जमवून एक्झोम केली, फक्त बाळाची. ट्रायो (बाळ आणि आईवडील, तिघांची) करा म्हटलं असतं तर खर्च वाढला असता म्हणून मीच म्हणालो, आधी बाळाचं बघू. रिपोर्टमध्ये एसटीएक्सबीपी१ (बिघडला तर तान्हेपणीच फिट्स आणणारा जीन), मिसेन्स (प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल बदलणारा), हेटरोझायगस (दोनपैकी एकाच प्रतीत), आणि शेवटच्या रकान्यात व्हीयूएस. मी ते वाचलं पण डोक्यात शिरलंच नाही, कारण जीन चपखल बसत होता. नोमॅडमध्ये (लाखो लोकांच्या जीन्सचा डेटाबेस) व्हेरिएंट नाही, चार सॉफ्टवेअर डॅमेजिंग म्हणतायत, अजून काय पाहिजे?

"कारण सापडलं," मी सांगून मोकळा. कोपऱ्यात बसलेल्या आजींनी एवढंच विचारलं, "कुणाकडनं आलं हे?" मी म्हणालो बहुतेक नव्यानेच झालंय, पण आईवडिलांचं तपासल्याशिवाय नक्की नाही. यातलं किती घरी पोचलं असेल तुम्हीच बघा. दोन महिन्यांनी आई एकटीच आली, फाईलची पिशवी मांडीवर, म्हणाली, "सगळे म्हणतायत तुझ्या माहेरचं खूळ आहे." तेव्हा कुठे मी दोघांचं सँगर (फक्त त्या एका बदलाची तपासणी) पाठवलं. आईचं कोरं. व्हेरिएंट बाबांत, तोही अर्ध्याला अर्धा, मोझेइक (काहीच पेशींत बदल) वगैरे काही नाही. आणि बाबा म्हणजे ३२ वर्षांचा धडधाकट टेम्पोवाला, आयुष्यात एक फिट नाही. एसटीएक्सबीपी१ चा आजार असलेला माणूस घाटात टेम्पो चालवत नसतो.

आजींना मुद्दाम बोलावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आधी कशाला सांगितलंत?"

आता नीट बघा मी कुठे चुकलो. व्हेरिएंटचं वर्गीकरण करायच्या २०१५ च्या एसीएमजी (अमेरिकन जेनेटिक्स संस्था) नियमांत नोमॅडमध्ये नाही हा मध्यम पुरावा (आता तर हे नियम बारकाईने ठरवणारे क्लिनजेनवाले त्याला सपोर्टिंगच, म्हणजे सगळ्यात हलका पुरावा, धरा म्हणतात), आणि सॉफ्टवेअर चार असोत की चौदा, सगळ्यांचा मिळून एकच सपोर्टिंग पॉइंट. या दोघांची बेरीज व्हीयूएसच येते! म्हणजे लॅबने बरोबर लिहिलं होतं, मी घाईत प्रमोशन देऊन टाकलं. लाइकली पॅथोजेनिक (बहुधा रोगकारक) म्हणायला ९० टक्क्यांच्या वर खात्री लागते, लाइकली बिनाइनला (बहुधा निरुपद्रवी) १० च्या खाली, मधला सगळा पट्टा व्हीयूएस. १५ टक्केवाला आणि ८५ टक्केवाला एकाच रकान्यात बसतात. त्यात नोमॅडमध्ये आपली माणसं कमी, आणि आपल्याकडे पिढ्यानपिढ्या पोटजातीत लग्नं, मामाची मुलगी वगैरे आहेच, त्यामुळे एखाद्या समाजात आरामात फिरणारा व्हेरिएंट तिथे शून्य दिसू शकतो. म्हणून इंडिजेनचा डेटा उघडून बघायची सवय लावा. हजारावर भारतीयांचे जीनोम आहेत त्यात, कमीच आहेत, पण आपले आहेत. जीनोमइंडियाने १० हजारांच्या आसपास केलेत.

आणि व्हीयूएसवर गर्भाची तपासणी करू नका. घरचे हातापाया पडतील तरी नाही. पुढचं बाळ ठेवायचं की नाही हे १५ टक्केवाल्यावर ठरवणार आहात का?

बाकी पटकन. एक्झोम निगेटिव्ह म्हणजे जेनेटिक नाही असं नव्हे. एसएमएची (स्नायू कमजोर करणारा आजार) डिलीशन सुटू शकते, फ्रॅजाइल एक्सचे (बौद्धिक वाढ खुंटवणारा आजार) रिपीट्स दिसत नाहीत, डुशेनला (स्नायूंचाच आजार) आधी एमएलपीए (जीनचा तुकडा गळालाय की दुप्पट झालाय हे मोजणारी चाचणी) करा, स्वस्तही पडतं. रिक्विझिशन फॉर्मवर नुसतं "डेव्हलपमेंटल डिले" लिहून पाठवू नका, लॅबवाले त्यावरूनच जीन शोधतात.

एआयने व्हेरिएंटची रँकिंग करून देणारे टूल आलेत, वापरा, पण पहिली दोन वर्षं नको असं माझं मत. हाताने ५० व्हेरिएंट सोडवल्याशिवाय ते कुठे फेकतंय कळत नाही. आणि गुरू शोधायचा तर "मला माहीत नाही" हे पेशंटसमोर म्हणणारा शोधा. मला मिळालेले सर फार हुशार होते, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि मीही तसाच झालो होतो.

घाबरू नका मात्र. पहिले सहा महिने रिपोर्ट म्हणजे पंचांग वाटतो, सगळ्यांनाच वाटतो, मग एक दिवस आपोआप नजर आधी शेवटच्या रकान्यावर जायला लागते.

व्हीयूएसवाल्यांची एक साधी वही ठेवा, वर्षा-दीड वर्षाने रीअ‍ॅनालिसिस (जुनाच डेटा पुन्हा तपासून) मागायचं, नवे जीन सापडत राहतात. माझ्या वहीत पहिल्या पानावर तेच बाळ आहे. आता चार वर्षांचं झालंय, मान धरतं, आधाराने बसतं. रीअ‍ॅनालिसिस एकदा झालं, काही निघालं नाही. दुसऱ्यांदा दिवाळीनंतर पाठवणार आहे, यावेळी ट्रायो.