खऱ्या घटनेवर लिहायला बसण्याआधी

युद्ध, खटला, अपघात, कुणाचं आयुष्य: जे घडलं त्यावर कॉपीराइट नसतो. ते कुणी ज्या शब्दांत मांडलं, त्या मांडणीवर असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. अमेरिकेत तर १९३७ साली जळालेल्या हिंडेनबर्ग या वायुनौकेमागे घातपात होता हा एका लेखकाचा तर्क एका चित्रपटाने उचलला, आणि १९८० मध्ये न्यायालयाने लेखकाचा दावा फेटाळला. इतिहास म्हणून मांडलेला तर्कही सगळ्यांना खुला. तेव्हा विषयासाठी कुणाची परवानगी मागत बसू नका.

संदर्भ वाचा, मग पुस्तक मिटून टिपणं काढा. उघडं पुस्तक शेजारी ठेवून लिहिलं की त्याची वाक्यं आपल्या वहीत शिरतातच. तारखा दोन ठिकाणी ताडून पाहा.

आता पत्रं. मागच्या वेळी मी इथेच चुकले. एका कुटुंबाने आजोबांना आलेली जुनी पत्रं विश्वासाने माझ्या हाती दिली. निळी शाई, घडीवर विरलेला कागद. मी त्यातला दीड पान मजकूर जसाच्या तसा घेतला, त्या कुटुंबाची लेखी संमतीही घेतली. पण पत्र ज्याला आलं त्याचा फक्त कागद! मजकूर लिहिणाऱ्याचा, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसांचा. वारसांची हरकत आली तेव्हा पानं छपाईला तयार होती. अख्खं प्रकरण काढावं लागलं. म्हणून आधी पत्र कुणी लिहिलं ते शोधा. ते कुणाच्या कपाटात आहे हे नंतर. जुनं आहे म्हणजे मोकळं, असंही धरू नका. भारतात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि मजकूर मरणोत्तर पहिल्यांदा छापला गेला असेल तर ती ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. वारस सापडत नसतील तर पत्रातली माहिती घ्या, वाक्यं घेऊ नका.

रोजनिशीलाही हेच लागू. फोटोसाठी अल्बमच्या मालकाला नाही, फोटो काढणाऱ्याला विचारा; पैसे देऊन काढून घेतलेला असेल तर ज्याने काढून घेतला त्याला. अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क. मुलाखतींना लेखी संमती. हयात माणसांबद्दल लिहीत असाल तर बदनामीचा कायदा वेगळा, वकिलाला दाखवा. आणि पत्र लिहिणाऱ्याच्या वारसांची सही, तारखेसह, पानं लावायच्या आधी.