घरासाठी आर्किटेक्ट नेमताना

आर्किटेक्टकडे जाण्याआधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत (जागेची हद्द दाखवणारा मोजणी नकाशा) हाती ठेवा. हद्द पक्की नसताना काढलेला प्लॅन पुढे मंजुरीत अडकतो, कारण सामासिक अंतरं, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, हद्दीपासूनच मोजतात.

'आर्किटेक्ट' ही उपाधी 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार फक्त कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येते. नोंदणी क्रमांक 'सीए/वर्ष/क्रमांक' असा असतो. तो मागून घ्या आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. विचारायला लाजू नका.

त्याने बांधलेली दोन-तीन घरं बघा, तीही राहती, शक्यतो पावसाळ्यात. गच्चीची ओल, खिडकीच्या छज्ज्यातून आत येणारं पाणी, जिन्याच्या पायऱ्यांची उंची फोटोत कळत नाही.

खरी भांडणं होतात ती फीवरून. फी चौरस फुटावर की बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर, हे लेखी हवं. आरसीसी डिझाइन (खांब, तुळया, स्लॅबचं), पालिकेची मंजुरी, जोत्याची तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायला मिळणारा पालिकेचा दाखला) त्यात धरलंय का? जीएसटी वेगळा का? प्लॅन किती वेळा बदलून मिळेल? साइटवर किती फेऱ्या? पाया, जोतं आणि प्रत्येक स्लॅबचं सळईकाम काँक्रीट ओतण्याआधी तपासलं जाईल, एवढं तरी करारात घाला. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता भोगवट्यानंतर.

मंजुरीचा नकाशा म्हणजे कामाचा नकाशा नव्हे. वीज, नळ, दारं-खिडक्यांचे तपशीलवार नकाशे आधी मिळाले नाहीत, तर प्लास्टर झाल्यावर भिंती फोडाव्या लागतात.