व्यापार करार आणि राज्यघटना: निकाल वाचताना या चुका टाळा

‘करार घटनाबाह्य ठरला’ एवढ्यावर थांबू नका. कशामुळे ठरला आणि काय केलं तर चालेल, हे वाचल्याशिवाय निकाल कळत नाही. युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्यातला ‘सेटा’ करार घ्या. (भारत-ब्रिटन कराराचं लघुनामही हेच आहे, शोधताना गल्लत होते.) ११ नोव्हेंबर २०२२ रोजी आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की आहे त्या कायद्यात सरकारला या कराराचं अनुसमर्थन (करार पक्का करणारी अंतिम मंजुरी) करता येणार नाही. अडचण आयात शुल्काची नव्हती. परदेशी गुंतवणूकदाराच्या बाजूने करारातल्या न्यायाधिकरणाने निवाडा दिला, तर तो जवळपास आपोआप लागू झाला असता आणि तो अडवायला देशातल्या न्यायालयांच्या हातात काहीच उरलं नसतं. वाटही त्याच निकालात आहे: २०१० चा लवाद कायदा दुरुस्त करून न्यायालयांना तो अधिकार द्या. बातम्या वाचून लिहिणाऱ्यांकडून नेमका हाच भाग सुटतो.

हाच करार फ्रान्सच्या घटना परिषदेने २०१७ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये तपासला. दोघांनाही त्यात वावगं दिसलं नाही. म्हणून एका देशाचा निकाल दुसऱ्याला चिकटवू नका.

अमेरिकेत नाफ्टाला (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा व्यापार करार) घटनेत आंतरराष्ट्रीय करारांसाठी सांगितलेलं सिनेटचं दोन-तृतीयांश बहुमत घेतलं नव्हतं. त्यावरचं आव्हान २००१ मध्ये अपील न्यायालयाने ‘हा राजकीय प्रश्न आहे’ म्हणून ऐकलंच नाही. ‘नाफ्टा घटनात्मक ठरला’ असं त्यावरून लिहिणं चूक. कोलंबियात उलट: याचिका असो वा नसो, अनुसमर्थनाआधी करार घटना न्यायालयात जातोच.

आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे ‘संसदेने मंजूर केला नाही, म्हणून करार बेकायदा’. करार करणं हे सरकारचं काम. नागरिकांच्या हक्कांवर गदा येत असेल किंवा प्रचलित कायदा बदलत असेल, तेव्हा संसदेचा कायदा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयात मगनभाई पटेल खटल्यात १९६९ मध्येच स्पष्ट झालं. शेती राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांत आहे, तरी राज्यघटनेच्या कलम २५३ खाली करार पाळण्यासाठी संसद शेतीवरही कायदा करू शकते. राज्यांना विचारण्याचं बंधन त्या कलमात नाही. सोयाबीन-कापसाच्या भावावर घर चालणाऱ्या राज्यात राहून मला हे मनापासून खटकतं.

याचिकेचा पायाही नीट निवडा. पेटंट कायद्याचं कलम ३(ड) (जुन्या औषधातल्या किरकोळ बदलाला पेटंट नाकारणारं) ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या जागतिक करारात बसत नाही, हा नोव्हार्टिस या औषध कंपनीचा मुद्दा २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तपासायलाच घेतला नाही. त्यासाठी जागतिक व्यापार संघटनेची यंत्रणा आहे, असं सांगितलं. राज्यघटनेतल्या समानतेच्या कलम १४ चा भंग होतो, हा दुसरा मुद्दा मात्र ऐकला, तपासला आणि मग फेटाळला.