चपटकृमींचा प्रजननकाळ कसा नोंदवावा

गोड्या पाण्यातील प्लॅनेरिया हा चपटकृमी दोन रीतींनी वाढतो: एक तर शरीर मधून तुटून त्याचे दोन जीव होतात (विखंडन), नाहीतर दोन उभयलिंगी कृमींचा समागम होऊन अंड्यांचे कोश घातले जातात. डुगेशिया या प्लॅनेरियाच्या गटातील काही जातींत उन्हाळ्यात पहिली आणि थंडीत दुसरी रीत चालते. मे महिन्यात चाळिशीपार जाणाऱ्या बडोद्यात हे महिने कोणते, ते थंड प्रदेशांतील ओढ्यांवरून केलेल्या तक्त्यांतून ठरवू नये.

वर्षभर पाणी टिकणारी उथळ, दगडांची जागा निवडावी; विश्वामित्रीत मगरी आहेत, तेव्हा तिचा विचार सोडावा. दर पंधरा दिवसांनी तेवढेच दगड उलटून पाहावेत, पाण्याचे तापमान लिहावे आणि दगड होते तसे ठेवावेत.

खरी पंचाईत कोश मोजताना होते. डुगेशियाचा कोश मोहरीएवढा, गोल असून बारीक देठाने दगडाच्या खालच्या बाजूला चिकटलेला असतो. घातल्यावर तो पिवळसर-नारिंगी दिसतो आणि लवकरच काळपट तपकिरी होतो. पिल्ले साधारण २ ते ३ आठवड्यांत बाहेर पडतात, पण रिकामे कवच त्यानंतरही देठाला लटकलेले राहू शकते. पहिल्या वर्षी मी दिसेल तो काळा गोळा मोजला आणि माझ्या वहीत प्रजननकाळ एप्रिलअखेरपर्यंत लांबला. प्रत्यक्षात मी फेब्रुवारीतील टरफलेच पुन्हा पुन्हा मोजत होतो. म्हणून प्रत्येक कोश भिंगाखाली पाहावा, फुटलेला वेगळ्या रकान्यात लिहावा, आणि नुकत्याच झालेल्या प्रजननाचा पुरावा म्हणून केवळ नारिंगी कोशच धरावा. गोगलगायीच्या अंड्यांचा चिकट, पारदर्शक पुंजका पाहून फसणाऱ्याने मात्र आधी गोगलगायीच ओळखायला शिकाव्यात.

कृमी घरी आणून बरणीत ऋतू पाहावा, हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. तापमान बदलले की त्यांची प्रजननाची रीतही बदलू शकते, आणि उपाशी राहिल्यास त्यांचे शरीर आकसते व जननेंद्रिये नाहीशी होतात. अशा बरणीवरून ओढ्यातला महिना सांगता येत नाही.

प्रौढ कृमीच्या पोटाखाली, मुखाच्या मागे, जननरंध्र दिसते. त्याचीही नोंद ठेवावी.

उन्हाळ्यात फेरी आठवड्यावर आणावी आणि सकाळीच जावे, कारण विखंडन बहुधा रात्री होते आणि तुटलेल्या शेपटीला काही दिवसांतच नवे डोके फुटते. दगडावर ब्रश घासू नये. त्यानेही कृमी तुटतात आणि ते तुकडे विखंडनाच्या रकान्यात जाऊन बसतात.