दुर्बिणीतून मंगळाचा पृष्ठभाग कसा पाहावा

मंगळ साधारण दर 26 महिन्यांनी पृथ्वीजवळ येतो. 2027 सालची प्रतियुती, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि मंगळाच्या बरोबर मध्ये येण्याचा दिवस, 19 फेब्रुवारीला आहे. तेव्हाही मंगळाचं बिंब जेमतेम 14 विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग), म्हणून 6 इंची दुर्बीण आणि 150 पट वर्धन हवंच. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा. नळीतली हवा गरम असेल तर बिंब उकळल्यासारखं थरथरतं. गच्चीचा तापलेला स्लॅबही तेच करतो, त्यापेक्षा अंगण बरं. मंगळ डोक्यावर येईपर्यंत, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत थांबा.

आधी काठावरची पांढरी उत्तर ध्रुवटोपी, म्हणजे ध्रुवावरचा बर्फ, शोधा. मग नारिंगी फिल्टर लावा: सिर्टिस मेजर या प्रदेशाचा काळपट, बेसॉल्टचा (ज्वालामुखी खडकाचा) त्रिकोण उठून दिसतो. नाहीच दिसला तर तो बहुधा पलीकडच्या बाजूला असेल. मंगळ स्वतःभोवतीची फेरी 24 तास 37 मिनिटांत पुरी करतो, त्यामुळे तीच खूण रोज साधारण 40 मिनिटं उशिरा समोर येते.