जुनी माझ्दा एमएक्स-५ घरी दुरुस्त कशी करावी: आधी पाण्याची वाट, मग रंगरूप

पहिल्या पिढीची एमएक्स-५ दारात आली की बॉनेट उघडण्याआधी मागच्या चाकाच्या पुढ्यात गुडघे टेकून बसा. दाराखालचा पत्र्याचा उंबरा, म्हणजे सिल, तिथे चाकाच्या कमानीला मिळतो. अंगठ्याने तो भाग दाबून बघा. रंगाखाली फोड आले असतील, दाबल्यावर करकर आवाज येत असेल किंवा बोट जरा आत जात असेल, तर या गाडीचा खर्च कुठे होणार हे तुम्हाला कळलं. इंजिन बहुधा दणकट निघतं. गाडी जाते ती इथून.

ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली आणि पहिली पिढी १९९७ पर्यंत बनत राहिली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ती युनॉस रोडस्टर या नावाने विकली गेली. माझ्दाने ती भारतात विकली नाही, पण अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आणि हाताने काम करायची आवड असलेल्या मराठी माणसाने पहिला प्रकल्प म्हणून हीच गाडी घ्यावी. ती हलकी आहे, भाग मिळतात आणि साध्या पान्यांनी बरंच काही उघडतं. पुढचे आकडे मुख्यतः १.६ लिटर इंजिनाच्या गाडीचे आहेत. १९९३ पासून आलेल्या १.८ मध्ये काही आकडे बदलतात.

पाण्याची वाट मोकळी करा

कापडी छपरावरचं पाणी मागे एका पन्हळीत उतरतं. तिथून सीटबेल्टच्या दोन्ही खांबांजवळच्या भोकांतून नळ्यांवाटे ते मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडतं. गाडी झाडाखाली उभी राहिली की पानं आणि माती या भोकांत साचतात. मग पाणी आतल्या गालिच्यात आणि उंबऱ्याच्या पोकळीत शिरतं आणि पत्रा आतून कुजायला लागतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला थर बऱ्याचदा संपलेला असतो.

छप्पर अर्धं उचलून दोन्ही भोकं शोधा. गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी वरून हळूहळू फिरवत घाला. लोखंडी तार घालू नका आणि कंप्रेसरची हवा मारू नका. नळी फाटते किंवा सांध्यातून निसटते आणि पाणी थेट आत जायला लागतं. दोरी मोकळी फिरू लागली की एकेका बाजूला साधारण लिटरभर पाणी धारेने ओता आणि दुसऱ्या माणसाला खाली बघायला सांगा. ओतलं तसं पाणी खाली पडलं पाहिजे. थेंब थेंब आलं तर पुन्हा दोरी घाला. इथे पाणी अडवायचं नाही, वाहतं ठेवायचं आहे.

यानंतर सीट काढा (प्रत्येकी चार बोल्ट), गालिचे बाहेर उन्हात टाका आणि फरशीचा पत्रा पूर्ण कोरडा होऊ द्या. गालिच्याखालचा जाड फोम आठवडाभरही ओला राहतो, म्हणून वरून हात लावून ‘सुकलं’ म्हणू नका.

उंबऱ्याचा पत्रा

गंज वरवरचा असेल तर चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर मारा आणि मग रंग द्या. भोक पडलं असेल तर लांबी (गाडीची पुट्टी) भरून झाकू नका. छप्पर नसलेल्या गाडीला ताकद या उंबऱ्यांतूनच मिळते. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत असा उंबरा नापास होतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाजूने धडक बसली तर लांबी काहीच अडवत नाही. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यायचा. बाहेरचा थर काढल्यावर आतलाही कुजलेला दिसेल, तर तो आधी दुरुस्त करा. वेल्डिंगचा सराव नसेल तर एवढं काम जाणत्याकडून करून घ्या, बाकीचं घरी होतं.

वेल्डिंगपूर्वी गाडीचं वजन नीट टेकलेलं हवं. एका वेळी एकच बाजू कापा आणि कापण्याआधी दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा. सगळं झाल्यावर पोकळीत लांब नळीने मेण फवारा. उंबऱ्याच्या तळाची छोटी भोकं मात्र मेणाने किंवा खालच्या लेपाने बुजू देऊ नका, कारण आत आलेल्या पाण्याला तीच एक सुटका असते.

गाडी उचलताना पुढे मधल्या आडव्या सबफ्रेमखाली आणि मागे डिफरन्शियलखाली (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) जॅक लावा. उचलल्यावर स्टँड लावल्याशिवाय खाली जाऊ नका.

टायमिंग बेल्ट आणि त्याच्या आसपासचं

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. माझ्दा हा बेल्ट ६०,००० मैलांना, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटरना बदलायला सांगते. कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललेला नाही असं धरा. १.६ मध्ये बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी नुसती बंद पडते. त्यामुळे पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यानेही घाबरायचं कारण नाही.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून पुढची खालची पुली निरखून बघा. ती डगमगताना दिसली तर थांबा. १९८९ ते १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं नाक, म्हणजे पुली बसते ते टोक, आखूड आहे. पुलीच्या मधल्या भागावर चार खाचा असतील तर नाक आखूड, आठ असतील तर लांब. आखूड नाकावर मधला बोल्ट एकदा नीट आवळला गेला नाही की चावी (पुलीला फिरू न देता धरणारा धातूचा छोटा तुकडा) आपली खाच खाऊन टाकते आणि शेवटी क्रँकशाफ्टच निकामी होतो. म्हणून पुढचं ऑइल सील गळत नसेल तर तो मधला २१ मिलिमीटरचा बोल्ट उघडूच नका. पुली तिच्याभोवतीच्या छोट्या बोल्टांनी सुटते आणि बेल्ट निघतो. उघडावा लागलाच तर नवा बोल्ट आणि नवी चावी घाला, टॉर्क पाना वापरा: आखूड नाकाला १०८ ते ११८ न्यूटन-मीटर, लांबला १५७ ते १६७.

कूलंट काढा (सुमारे सहा लिटर) आणि चारही स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. वरचं झाकण काढून इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरवा, उलट कधीच नाही. कॅमच्या दोन चाकांवरची ‘आय’ आणि ‘ई’ ही खुणेची अक्षरं मागच्या पत्र्यावरच्या खुणांसमोर आली की थांबा आणि पांढऱ्या रंगाने ठिपके द्या. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं छोटं चाक) सैल करून स्प्रिंगला ताण न येईल असा बाजूला आवळून ठेवा आणि बेल्ट काढा.

आता इथवर आलात तर पाण्याचा पंप, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारं दुसरं छोटं चाक) आणि कॅमची ऑइल सील आत्ताच बदला. पंप पुढच्या वर्षी गळला तर हे सगळं पुन्हा उघडावं लागेल.

नवा बेल्ट चढवताना टेन्शनरच्या समोरच्या बाजूला ढील राहू देऊ नका. ‘आय’ आणि ‘ई’ या खुणांच्या मधे बेल्टचे १९ दात आले पाहिजेत. बोट ठेवून दोनदा मोजा. मग इंजिन एक पूर्ण आणि वर पाच षष्ठांश फेरा फिरवा, टेन्शनरचा बोल्ट सोडून स्प्रिंगला बेल्ट ताणू द्या आणि ३८ ते ५१ न्यूटन-मीटरला आवळा. नंतर दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते बघा. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण ताकद जाते आणि रिकामी चालताना थरथरते. मग लोक इंजेक्टर बदलत बसतात. वरच्या झाकणाचे बोल्ट जेमतेम ५ ते ९ न्यूटन-मीटरचे आहेत, जोर लावला की अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात.

इंजिनाच्या मागच्या टोकाला कॅमची स्थिती ओळखणारा कॅम अँगल सेन्सर आहे. त्याची रबरी कडी कडक होते आणि तेल गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेच्या आकाराच्या कवचावर ओघळतं. ते बघून बरेच जण मागचं मोठं सील गेलं असं समजून गिअरबॉक्स उतरवतात, आणि कडी मिळते किरकोळ पैशांत. सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या आणि इंजिनाच्या अंगावर एकच आडवी रेघ ओढा, कारण तो फिरला की इग्निशन टायमिंग फिरतं. जोडल्यावर डायग्नोसिस पेटीतल्या (बॉनेटखालची तपासणीच्या जोडण्यांची पेटी) ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ या टोकांमधे तार जोडून टायमिंग लाइटने १० अंश आहे याची खात्री करा.

रेडिएटरचा वरचा भाग प्लास्टिकचा आहे. तो काळा असेल तर ठीक. चहासारखा तपकिरी झाला असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालं आहे आणि वाटेत फुटेल.

ब्रेक आणि क्लच

हँडब्रेक खूप वर येतो म्हणून केबल ताणण्याची चूक बहुतेक ठिकाणी झालेली असते. या गाडीत खरा समायोजक मागच्या कॅलिपरमध्ये आहे. कॅलिपरच्या मागे १४ मिलिमीटरचा एक बोल्ट दिसतो. तो काढला की आत ४ मिलिमीटरची षटकोनी खाच आहे. त्यात अ‍ॅलन की घालून पॅड डिस्कला टेकेपर्यंत आवळा, मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या. चाक हाताने फिरलं पाहिजे, किंचित घासल्याचा आवाज चालेल. दोन्ही बाजू झाल्यावरच केबलकडे बघा. नवे पॅड घालताना मागचा पिस्टनही याच खाचेतून उलटा फिरवून आत न्यायचा असतो. क्लॅम्प लावून ढकलला तर आतली यंत्रणा मोडते.

क्लच पेडल खाली राहत असेल तर गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचं (पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरच्या दाबाने क्लच हलवणारा) रबर उचलून आत बोट लावा. ओलं लागलं तर स्लेव्ह आणि वरचा मास्टर, दोन्ही एकदम बदला. एकच नवा टाकला की वाढलेल्या दाबाने काही महिन्यांत दुसरा गळतो.

तेलं

इंजिनात फिल्टरसह सुमारे ३.६ लिटर, गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९० दोन लिटर, डिफरन्शियलमध्ये १.६ ला ०.६५ लिटर आणि १.८ ला एक लिटर. गिअरबॉक्सचं तेल जीएल-४ दर्जाचं घ्या. गिअर बदलायच्या दांड्याखाली साधारण ८० मिलिलिटर तेलाची वेगळी खळगी असते. ती कोरडी आणि तिचं छोटं रबर फाटलेलं असेल तर दांडा खडखडतो आणि आत गरम हवा येते. एक नियम कायम पाळा: तेल सोडण्याआधी भरायचा बोल्ट उघडतो का ते बघा. तो अडकला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं.

सस्पेन्शन

सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश तीस वर्षांत चिरतात. लांब बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात, म्हणून कामाच्या आधी चार-पाच दिवस रोज तेल मारा. चाकांचा कोन ठरवणाऱ्या, मध्याबाहेर भोक असलेल्या अलाइनमेंटच्या चकत्यांवर छिन्नीने खूण करा. नवे बुश बसवल्यावर बोल्ट नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा आणि मगच पूर्ण आवळा. चाकं हवेत असताना आवळलं की रबर कायमचं पिळलेल्या स्थितीत राहतं आणि वर्षभरात फाटतं.

छप्पर आणि रंग

मागची प्लास्टिकची खिडकी असेल तर छप्पर खाली घेण्याआधी चेन उघडून ती सपाट पाडा. घडी पडली की तिथेच ती तडकते, थंडीत तर हमखास. नवं छप्पर स्वतः बसवायचं तर दोन दिवस धरा, जुने रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात. पन्हळीची पट्टी फाटलेली असेल तर तीही नवी टाका, नाहीतर नव्या छपराखाली पुन्हा तोच ओला गालिचा.

लाल गाडी गुलाबी पडली असेल तर रंगकामाची घाई नको. हातभर जागेवर पॉलिश घासून बघा. कापड लाल झालं तर वर पारदर्शक थर नाही आणि रंग बऱ्याचदा नुसत्या पॉलिशने परततो. कडांवर मात्र यंत्र फिरवू नका, तिथे थर सर्वांत पातळ असतो.

आपली करताना

मूळ चाकं १४ इंची, टायर १८५/६० आर १४, बोल्टचं माप ४ बाय १००, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट. पंधरा इंची चाकं हवीत तर १९५/५० आर १५ घ्या. बाहेरचा व्यास ५७८ ऐवजी ५७६ मिलिमीटर येतो, म्हणजे स्पीडोमीटर खरं बोलत राहतं. चाक निवडताना वजन विचारा. सात आरे असलेलं मूळ मिश्रधातूचं चाक साधारण साडेपाच किलोचं आहे. त्याच्या दुप्पट वजनाचं देखणं चाक लावलं की गाडीचा चपळपणा गेला. गाडी खाली बसवायची हौस असेल तर हात आखडता घ्या, पुढच्या चाकांना वरखाली व्हायला मुळातच जागा कमी आहे.

उंच माणसाचं डोकं छपराला लागत असेल तर सीटचं कव्हर उतरवून बसायच्या फोमचा दोन-तीन सेंटिमीटर थर कापता येतो. डोक्याच्या टेकूत स्पीकर असतील तर त्यांच्या तारा सांभाळा.

गिअरच्या मुठीचे आटे एम १० बाय १.२५ आहेत, मूठ मागवताना एवढं सांगितलं की पुरतं. लाकडी स्टिअरिंग चाकाचा मोह साहजिक आहे; माझ्दाने २०१७ मध्ये जपानमध्ये या गाडीची दुरुस्ती सेवा जाहीर केली, तेव्हा छप्पर आणि टायरसोबत नार्डीचं लाकडी स्टिअरिंगही पुन्हा बनवून घेतलं. पण आधीच्या चाकात एअरबॅग असेल तर ती काढणं म्हणजे सुरक्षा काढणं, आणि विम्याचा व तपासणीचा प्रश्नही येतो. आमचा सल्ला, एअरबॅग राहू द्या आणि चाकाला चामडं शिवून घ्या. एअरबॅग नसलेल्या गाडीत बदल करायचा तर चाक सरळ ठेवून नट ३९ ते ४९ न्यूटन-मीटरला आवळा.

बॅटरी डिकीत आहे. तिथे साधी बॅटरी ठेवली तर तिच्या आम्लाची वाफ खालचा पत्रा खाते, म्हणून बंद प्रकारची घ्या आणि वाफेच्या नळ्या बाहेर काढा. काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी मुठीसकट, चिठ्ठी लावून कोरड्या खोक्यात ठेवा. चाकांचे नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटरला आवळा आणि पहिल्या ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.