जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी टाकताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या अंबड एमआयडीसीतले एक वर्कशॉपवाले काका स्कूटरवर पायापाशी कॅबिनेट ठेवून माझ्याकडे आले. त्या पीसीवरून सीएनसी मशीनला (कॉम्प्युटरच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या मशीनला) सिरियल केबलने प्रोग्रॅम जातात. मशीन ठणठणीत होतं, पीसी मात्र मध्येच बंद पडायचा. ‘‘दादा, एक्सपी नव्याने टाकून द्या. तासाभराचं काम आहे ना?’’

महिनाभरापूर्वी त्यांना दुसरीकडे हे काम तासाभरातच करून मिळालं होतं. तिथे सी ड्राइव्ह न विचारता फॉरमॅट झाला आणि कित्येक वर्षांचे पार्ट प्रोग्रॅम, म्हणजे मशीनला कोणता भाग कसा कापायचा हे सांगणाऱ्या फाइली, त्याच ड्राइव्हवर होत्या. त्यातलं बरंचसं मी परत काढू शकलो. पण नव्या एक्सपीने ज्या जागेवर आपल्या फाइली लिहिल्या, तिथलं गेलं ते गेलंच. आणि पीसी पुन्हा बंद पडायला लागला होता, कारण बिघाड विंडोजमध्ये नव्हताच.

डिस्क न वाचवता सीडी घालणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जुनी हार्ड डिस्क बाहेर काढा, आयडीई-यूएसबी कन्व्हर्टरने (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कची जोडणी) दुसऱ्या पीसीला जोडा आणि लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घ्या. साधी कॉपी-पेस्ट खराब सेक्टरवर अडकते. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग उचलतो, खराब जागांची नोंद ठेवतो आणि नंतर तिकडे परत जातो. डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. इमेज हातात आली की जुनी डिस्क कपाटात ठेवा आणि एक्सपी दुसऱ्या डिस्कवर टाका.

शक्य असेल तर जुनं विंडोज एकदा सुरू करून प्रोग्रॅम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग), डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, हँडशेक हे सगळं मशीनच्या बाजूशी तंतोतंत जुळावं लागतं. प्रिंटर पोर्टला डोंगल (सॉफ्टवेअरची परवाना-किल्ली असलेलं छोटं उपकरण) लावलेलं असेल तर ते जपून ठेवा. सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतं आणि बदली डोंगल मिळेलच असं नाही.

लोखंडाचा (हार्डवेअरचा) दोष विंडोजवर ढकलणं

काकांचं कॅबिनेट उघडलं तर आत कूलंटच्या तेलकट वाफेने धरलेला काळा थर होता. प्रोसेसरच्या हीटसिंकच्या फटी त्यानेच भरल्या होत्या, म्हणून पीसी तापून बंद पडत होता. हे ब्लोअरने निघत नाही. हीटसिंक काढून धुवा, पूर्ण वाळवा, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा.

मग मदरबोर्डवरचे कपॅसिटर नीट बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा तपकिरी चिकट द्रव आला असेल, तर ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर हे सदोष कपॅसिटर बसले होते. रॅम काढून सोनेरी पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा. नाशिकच्या पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये त्या पट्ट्या काळवंडतात, आणि बीप वाजवत बसलेले कितीतरी पीसी मी एवढ्यावर सुरू होताना पाहिले आहेत. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल नवा घाला, नाहीतर प्रत्येक वेळी तारीख आणि बायॉसची (पीसी सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग मागे जातील.

शेवटी रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवा. इन्स्टॉल करताना ‘फाइल कॉपी करता येत नाही’ असं येत राहिलं की लोक सीडीमागून सीडी बदलतात. सीडी ओरखडलेली असू शकते, पण रॅम खराब असली तरी हाच मेसेज येतो.

निळा स्क्रीन बघून हार्ड डिस्क फेकणं

सेटअप फाइली लोड करतो, ‘स्टार्टिंग विंडोज’ दिसतं आणि लगेच ७बी ने संपणारा एरर कोड असलेला निळा स्क्रीन येतो. डिस्क बहुतेक वेळा चांगली असते. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा (साटा डिस्क चालवण्याच्या नव्या पद्धतीचा) ड्रायव्हर नाही, त्यामुळे डिस्क जोडणारा साटा कंट्रोलर त्या मोडमध्ये असला की सेटअपला डिस्क सापडत नाही. बायॉसमध्ये साटा मोड आयडीई किंवा कम्पॅटिबल करा. तो पर्याय नसेल तर एनलाइट या प्रोग्रॅमने ड्रायव्हर सीडीतच मिसळून नवी सीडी बनवा. सेटअप सुरू होताना एफ६ दाबून ड्रायव्हर द्यायचा तर एक्सपी फ्लॉपी मागतं, आणि चालणारी फ्लॉपी आता कुठे शोधणार?

इन्स्टॉल झाल्यावर मोड पुन्हा एएचसीआय करू नका. ड्रायव्हर आधी न टाकता बदललात तर तोच निळा स्क्रीन परत येईल.

सर्व्हिस पॅक नसलेली मूळ २००१ ची सीडी असेल तर १३७ जीबीच्या पुढची डिस्क तिला नीट ओळखता येत नाही. सर्व्हिस पॅक ३ असलेलीच सीडी घ्या. छोटी एसएसडी लावणार असाल तर पार्टिशन आधी लिनक्सवरच्या जीपार्टेड या प्रोग्रॅममध्ये करून घ्या. एक्सपी स्वतः पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करतं, आणि एसएसडीला ते मानवत नाही.

 

ड्रायव्हर टाकताना आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, साउंड आणि लॅन. सिरियल पोर्टसाठी स्वस्त यूएसबी कन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका. मोठा प्रोग्रॅम जाताना मध्येच अक्षरं गळतात, आणि सीएनसीवर एक आकडा गळला तर टूल थेट जॉबमध्ये घुसू शकतं. बोर्डावरचा कॉम पोर्ट किंवा पीसीआय कार्ड वापरा, आणि केबल दोन्ही बाजू बंद करूनच जोडा. अर्थिंगमध्ये फरक असला तर पोर्ट जळतो.

सवयीने इंटरनेट जोडणं

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यानंतर मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी खास पॅच काढला, पण त्यावर विसंबून आज हे मशीन नेटवर ठेवणं मला अजिबात पटत नाही. लॅन केबल काढूनच ठेवा. फाइली पेन ड्राइव्हने न्या, तो पेन ड्राइव्ह याच कामाला ठेवा आणि ऑटोरन (ड्राइव्ह लावताच फाइल आपोआप चालण्याची सोय) बंद करा. बाजारातल्या ‘क्रॅक’ केलेल्या सीडी तर हातातही घेऊ नका. कॅबिनेटवरच्या स्टिकरची की ओईएम (पीसीबरोबर विकलेल्या) सीडीलाच लागते, रिटेल (दुकानातून वेगळी घेतलेली) सीडी ती नाकारते, तेव्हा ‘की चुकीची आहे’ असं आलं तर आधी सीडी कोणती आहे ते बघा.

काकांचं काम चार दिवस चाललं. सगळं नीट सुरू झाल्यावर मी नव्या डिस्कचीही इमेज घेतली आणि बायॉसची सेटिंग, कॉम पोर्टचा नंबर, बॉड रेट एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला. काकांनी वर्कशॉपमध्ये पीसी आता मशीनपासून लांब, काचेच्या खोक्यात ठेवला आहे. खोक्याला मागून पंखा आहे आणि पुढे धुता येणारी जाळी.